चार पाय आणि एक रेघ

मनगटी घड्याळातला सगळ्यात लहान स्क्रू खसखशीच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठा असतो. तो चिमट्यात धरून, डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून मी बसले होते, आणि नेमके तेव्हाच आमचे हे पलंगावरून उठले. दुसरं काही केलं नाही, नुसते उठले. आमची कॅरव्हॅन आधी डावीकडे कलली, मग उजवीकडे, मग पुन्हा थोडी डावीकडे, आणि स्क्रू गेला. कुठे गेला ते आजतागायत कळलेलं नाही.

"शिंकलीस का गं?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही उठलात."

"मग माणसानं उठूही नये?"

"माणसानं उठावं. घरानं उठू नये."

मी घड्याळं दुरुस्त करते. बावीस वर्षं एकाच दुकानात, एकाच खिडकीशी, एकाच टेबलावर. ज्या इमारतीत दुकान आहे ती पाडायचं ठरलं आणि सगळ्यांना चाळीस दिवसांत जागा रिकामी करायला सांगितलं. मी दुसऱ्या जागा पाहिल्या. एकीत उजेड नव्हता, दुसरी तिसऱ्या मजल्यावर होती, आणि गुडघे दुखणारी म्हातारी माणसं भिंतीवरचं घड्याळ काखोटीला मारून तीन जिने चढतील हे काही माझ्या मनाला पटेना. तेव्हा आमच्या ह्यांनी डोकं चालवलं. हे बत्तीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात फिटर होते, पॅकिंगच्या यंत्रांचे डॉक्टरच म्हणा. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी कॅरव्हॅन घरामागच्या मोकळ्या जागेत आणून उभी केली होती, चाकांवरची एक लांबट खोली, पलंग आणि टेबलासकट. "दुकान हिच्यात हलवू," ते म्हणाले. "आसपासच्या सहा गावांत घड्याळाला हात लावणारं कुणी उरलेलं नाही. आजवर गिऱ्हाईक तुझ्याकडे आलं, आता तू त्यांच्याकडे जा."

कल्पना मला फार आवडली. तसं मी बोलले नाही, नाहीतर त्यांनी त्याच दिवशी छताला भोक पाडून पंखा बसवला असता.

पण हलत्या टेबलावर माझं काम होत नाही. कॅरव्हॅन उभी असली तरी तिचं वजन टायरांवर आणि स्प्रिंगांवर असतं, आत कुणी कूस बदलली तरी तिला कळतं. तिच्या चार कोपऱ्यांना हँडलनं फिरवून खाली सोडायचे पाय होते, पण त्यातले दोन गंजून गेले होते आणि दोन आधीच्या मालकानं कुठेतरी गमावले होते. म्हणून मी अट घातली. मुख्याध्यापिका बाईंचं लंबकाचं घड्याळ या कॅरव्हॅनमध्ये आठ दिवस न थांबता चाललं, तर मी येईन. नाहीतर दुकान कायमचं बंद, हत्यारं कुणा होतकरूला देऊन टाकायची आणि मी घरी बसायचं. हे बोलताना माझा आवाज चढला होता, कारण मला भीती वाटत होती. घड्याळांशिवाय मी दिवसभर करणार काय, हे मला खरंच माहीत नव्हतं.

"मंजूर," हे म्हणाले. "घोडामैदान जवळच आहे."

आता बाईंच्या घड्याळाबद्दल सांगायला हवं. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, आणि त्यांचं घड्याळ माझ्याकडे पाचव्यांदा आलं होतं. माझ्या दुकानात ते महिना महिना बिनतक्रार चालायचं आणि त्यांच्या घरी दोन दिवसांत गप्प. मी घरी जाऊन पाहिलं. घड्याळ किंचित तिरकं केलं की ते चालायचं. मी निदान केलं, "बाई, तुमच्या दाराची चौकट वाकडी आहे. तुम्ही तिच्याकडे बघून घड्याळ सरळ करता, आणि तिथेच घोटाळा होतो. तिरकं दिसलं तरी तसंच राहू द्या." पण तिरकं काही चालवून घेणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. पुसायला फडकं घेतलं की पहिल्यांदा त्या घड्याळ सरळ करणार. शेवटी त्यांनी सुतार बोलावून चौकट बदलून घेतली. घड्याळ तरीही बंद पडलं. "मग भिंतच," मी म्हटलं होतं. अशी वाकडी घरं मला या सहा गावांत बरीच सापडली होती. आजकालचे गवंडी, दुसरं काय.

असो. ह्यांनी कारखान्याच्या भंगारातून हवेचे चार सिलिंडर मिळवले. पॅकिंगच्या यंत्रात खोकी ढकलायला ते असतात: आत हवा सोडली की दांडा बाहेर येतो. त्यांनी ते कॅरव्हॅनच्या चार कोपऱ्यांना उभे बसवले, दांडा खाली, दांड्याच्या टोकाला लोखंडी चकती. पंपानं हवा भरली. चारही पाय एकदम खाली आले, जमिनीला टेकले, आणि कॅरव्हॅन दोन बोटं वर उचलली गेली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"भाऊजी, चढा," मी म्हटलं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. ट्रक चालवतात, आणि देवानं त्यांना ट्रकच्याच मापाचं केलं आहे. कॅरव्हॅन ओढायचं कामही त्यांच्याकडेच होतं. त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि दाराचा कोपरा खाली बसला. ते आत आले तसा तो वर आला आणि समोरचा बसला. टेबलावरचा पाण्याचा पेला घसरत माझ्या मांडीत आला.

"झोपाळा झकास झालाय, दादा," भाऊजी म्हणाले.

"जमीन भुसभुशीत आहे इथली," हे खालून ओरडले.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी ओला पदर पिळत म्हटलं.

ह्यांनी चार दिवस जमीन ठोकली, चकत्यांखाली फरशा घातल्या. पेला तसाच घसरत होता. पाचव्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी सायकलचा पंप घेतला, तोंड अंगठ्यानं बंद केलं आणि दट्ट्या दाबत बसले. दट्ट्या निम्मा आत जायचा आणि परत वर यायचा. मग त्यांनी त्याच पंपात पाणी ओढलं आणि पुन्हा दाबला. दट्ट्या हलेना. हे माझ्याकडे बघतच राहिले, चहा निवला तरी त्यांना पत्ता नव्हता.

"हवा दबते गं," ते म्हणाले. "पाणी दबत नाही, तेल दबत नाही. मी हवेवर उभं राहायला बघतोय!"

"बत्तीस वर्षं हवेचंच खाल्लंत. जायचीच ती डोक्यात."

पुढचा आठवडा घरात तेल, नळ्या आणि ह्यांची गाणी होती. प्रत्येक सिलिंडरच्या वर त्यांनी तेलाचा एक छोटा डबा बसवला आणि मध्ये एक व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह उघडा ठेवून डब्यात वरून हवा मारायची: हवा तेलाला ढकलते, तेल दांड्याला. चारही पाय आपापल्या खड्ड्याउंचवट्यापर्यंत पोचले आणि खोली समतल झाली, की व्हॉल्व्ह बंद. मग खालचं तेल कोंडलं जातं. त्याला दबता येत नाही आणि पळायला जागा नाही, म्हणजे पाय ताठ. निघताना व्हॉल्व्ह उघडले की पाय आत. इतकं सोपं, की मला आधी का सुचलं नाही असं वाटावं. मला सुचणार नव्हतंच, पण वाटायला काय जातं.

पहिल्या दिवशी भाऊजी चढले आणि कोपरा पुन्हा बसला. आधीपेक्षा कमी, पण बसला. ह्यांचं तोंड उतरलं. सिलिंडरच्या डोक्याशी वाटीभर हवा अडकून राहिली होती. वरचं नट सैल केल्यावर ती फसफसत, तेलाचा फेस उडवत बाहेर यायला लागली. हे आडवे होऊन एकेक नट सोडत होते आणि भाऊजी वरून उड्या मारत होते. "अजून येतेय का?" "येतेय, मार!" "आता?" "अजून एक!" शेजारचे दोघं कुंपणापाशी येऊन उभे राहिले. आमच्या घरात काय चाललंय, हे विचारायचा धीर त्यांना झाला नाही.

चौथ्या नटातून फेस थांबला, स्वच्छ तेलाचा थेंब आला, आणि ह्यांनी नट आवळलं. मी टेबलावर पेला काठोकाठ भरून ठेवला. भाऊजी आत येऊन मनापासून नाचले. पेल्यातलं पाणी शहारलं, पण एक थेंब काठावरून गेला नाही. मी मनगटी घड्याळ उघडलं, चिमट्यानं तसलाच एक स्क्रू उचलला आणि भाऊजी नाचत असताना जागच्या जागी बसवला. त्या दिवशी मला झालेला आनंद मला लपवता आला नाही. मी ह्यांच्या तेलकट गालाची चक्क पापी घेतली, आणि भाऊजींनी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघायला घेतलं.

मुदतीतले अठरा दिवस उरले होते. बाईंचं घड्याळ दुकानातून आणलं. ह्यांनी पाणसळ लावून कॅरव्हॅन समतल करून घेतली आणि घड्याळ भिंतीवर सरळ टांगलं. मी लंबकाला धक्का दिला आणि कान लावला.

टिक-टॉक. टिक-टॉक. जोडीजोडीनं, मध्ये जरा थांबून, लंगडत. चांगल्या घड्याळाचे दोन्ही ठोके सारख्या अंतरावर पडतात. पाऊण तासात ते थांबलं.

"हलतेय तुमची गाडी," मी म्हटलं.

"नाही हलत."

"मग घड्याळ थांबलं कशानं? दुकानात चाललं होतं."

पुढचे तीन दिवस हे कॅरव्हॅनखालीच राहायला गेल्यासारखे होते. रबरी सील बदलले, तेल काढून पुन्हा भरलं, पुन्हा हवा काढली. पायाच्या दांड्यावर खडूनं खूण करून दर तासाला पट्टीनं मोजलं, कुठला पाय केसभर तरी खाली बसतोय का. बसत नव्हता. रोज संध्याकाळी ते घड्याळ सुरू करायचे आणि रोज ते लंगडत चालून थांबायचं. गाणी बंद झाली. तिसऱ्या दुपारी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते खाली पाठीवर पडून नुसते चार पायांकडे बघत होते, केस तेलानं माखलेले.

"अगं, माझंच काहीतरी चुकतंय," ते म्हणाले. "सापडत नाही. तू हत्यारं कुणाला द्यायची ते ठरवलंयस का?"

चहाचा कप त्यांच्या हातात देऊन मी आत गेले आणि पहिल्यांदाच नीट विचार केला. तीन दिवस मी फक्त तोंड चालवलं होतं. घड्याळाला हादरे बसले तर ते कसंही चालतं, आता जलद, मग मंद, मग अडखळत. हे तसं नव्हतं. हे प्रत्येक ठोक्याला सारखंच लंगडत होतं. सारखं लंगडणं म्हणजे घड्याळ हलत नाही, ते कललेलं आहे. हे तर मी शिकाऊ असताना पहिल्या महिन्यात शिकले होते.

"अहो," मी खिडकीतून ओरडले, "तुमचा ओळंबा द्या."

दोरीला बांधलेलं वजन खोटं बोलत नाही. घड्याळाशेजारी ओळंबा सोडला. घड्याळाची कड आणि दोरी, दोन्ही अगदी बरोबर. कॅरव्हॅन सरळ होती, घड्याळ सरळ होतं, आणि सरळ असूनच ते लंगडत होतं.

मी ओळंबा हातात घेतला, चपला घातल्या आणि दुकानाकडे निघाले. कुणाला काही सांगितलं नाही.

माझ्या दुकानाच्या भिंतीवर पेन्सिलची एक उभी रेघ आहे. वर एक खिळा, खाली एक खिळा. दुरुस्त झालेलं प्रत्येक लंबकाचं घड्याळ मी त्या रेघेवर टांगते, खालच्या खिळ्याला टेकवते, आणि लंबकाला ढकलणारी पितळी तार अशी वाकवते की ठोके सारखे पडावेत. दुकान उघडलं त्या दिवशी ही रेघ मी दाराच्या चौकटीला नजर लावून मारली होती. हे तेव्हा ओळंबा घेऊन उभे होते. "लावून बघू का?" म्हणाले होते. मी म्हटलं होतं, "ठेवा तो. माझ्या डोळ्यात ओळंबा आहे."

वरच्या खिळ्याला मी दोरी बांधली. वजन हेलकावे खात थांबलं. खालच्या टोकाशी दोरी आणि रेघ यांच्यात माझं करंगळीचं बोट आरामात मावलं.

मी स्टुलावर बसले. बावीस वर्षं मी प्रत्येक घड्याळ वाकड्या रेघेवर सरळ करत होते, आणि लोकांच्या सरळ घरात ते लंगडलं की त्यांची घरं वाकडी ठरवत होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, तसलं माझं झालं होतं, आणि मुसळ चांगलं सहा फुटी होतं. बाईंनी चौकट बदलली होती. एका बिचाऱ्या जोडप्यानं माझं ऐकून अख्ख्या भिंतीला पुन्हा गिलावा करून घेतला होता. मला इतकी लाज वाटली की दुकानात एकटी असूनही मी तोंडावर हात घेतला. आणि मग, काय सांगू, हसू यायला लागलं.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. माझं मीच म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं." त्यांनी हसावं, टोमणा मारावा, बावीस वर्षांचा हिशेब चुकता करावा, अशी माझी तयारी होती. पण ह्यांनी माझे दोन्ही दंड धरले.

"म्हणजे तेल गळत नाहीये?"

"नाही हो."

"पाय बसत नाहीयेत?"

"नाही. तुमचे पाय माझ्यापेक्षा सरळ आहेत."

माणूस कॅरव्हॅनभोवती एक फेरी मारून आला, अक्षरशः, आणि गायला लागला. माझी चूक त्यांच्या कानात शिरलीच नव्हती. बाईंच्या घड्याळातली तार मी ओळंब्याशेजारी नव्यानं वाकवली. टिक, टॉक, टिक, टॉक, एकसारखं. आठव्या दिवशी मी चावी द्यायला गेले तेव्हाही ते चालू होतं. भाऊजी त्या आठ दिवसांत रोज येऊन नाचून जात होते, गरज नसताना.

नवव्या दिवशी आमची पहिली फेरी. भाऊजींनी ट्रकला जोडून कॅरव्हॅन ओढली आणि बाईंच्या फाटकासमोर उभी केली. तिथला रस्ता चांगलाच उतरता होता. ह्यांनी चाकांना दगड लावले, हवा मारली, चार पाय चार उंचींना जाऊन टेकले, व्हॉल्व्ह बंद. मी घड्याळ घेऊन बाईंच्या घरात गेले.

"टांगा तुम्हीच, बाई," मी म्हटलं. "तुम्हाला सरळ दिसेल तसं."

त्यांनी टांगलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, पुन्हा जाऊन सूतभर सारखं केलं. मी लंबकाला बोट लावलं. खोलीत ठोके पडायला लागले, दोन्ही पाय सारखे टाकत चालणाऱ्या माणसासारखे. बाई पाच मिनिटं ऐकत उभ्या होत्या.

"आता कसं चालतं? माझी भिंत सरळ झाली वाटतं?"

गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. तेच सगळ्यात सोपं होतं.

"भिंत तुमची सरळच होती, बाई. चौकटही सरळ होती. वाकडी माझ्या दुकानातली रेघ होती. बावीस वर्षं. मी लोकांना उगाच नावं ठेवली. चुकलं माझं."

बाईंनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं मुलांकडे ज्या नजरेनं पाहिलं असेल, त्याच नजरेनं.

"मी चांगली चौकट काढून टाकली," त्या म्हणाल्या.

"हो."

"सुतार मला म्हणत होता, बाई, हिला काही झालेलं नाही. मी त्याला दटावलं. म्हटलं, घड्याळवाल्या बाईंना जास्त कळतं."

मी मान खाली घातली.

"मग आता बाकीच्यांचं काय?" बाईंनी विचारलं.

"कुणाच्या?"

"ज्यांची ज्यांची घरं वाकडी आहेत म्हणालात, त्यांचं. माझ्या बहिणीचं पलीकडच्या गावात आहे. ती सहा वर्षं घड्याळ तिरकं टांगून बसली आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की आमचं घर कललंय. चूक कबूल केलीत ते चांगलं केलंत. पण उत्तर पुन्हा लिहावं लागतं."

त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. कॅरव्हॅनची पायरी चढून आत डोकावल्या, टेबलावर हात ठेवून दाबून पाहिलं. टेबल हललं नाही. बाईंनी समाधानानं मान हलवली आणि बहिणीचा पत्ता लिहून दिला.

मी आत येऊन बसले आणि आठवतील तेवढी वाकडी घरं कागदावर लिहायला घेतली. सहा गावं, एकतीस घरं. भाऊजींनी यादी बघून शीळ घातली. "वहिनी, वर्षभराची सोय झाली की!" गिऱ्हाईक शोधायची गरजच नव्हती. माझ्याच चुकीनं माझ्यासाठी ती सगळी दारं राखून ठेवली होती, आणि प्रत्येक दारात आधी माफी मागायची होती. मला त्याचं आता ओझं वाटत नव्हतं. कधी एकदा निघते असं झालं होतं.

हे हात पुसत आत आले. माझ्या टेबलासमोरची भिंत अजून कोरी होती. दुरुस्त झालेली घड्याळं तिथेच टांगायची होती. मी खिशातली पेन्सिल काढली आणि भिंतीपाशी गेले. सवयीनं माझी नजर दाराच्या चौकटीकडे वळली.

मग मी मागे वळले आणि पेन्सिल ह्यांच्यापुढे धरली.

"ओळंबा आणा," मी म्हटलं. "या वेळी रेघ तुम्ही मारा."